एकच संप्रेरक, दोन ओढी

(दृश्य: अंधारी खोली. एक पुरुष झोपलेला. दंडावर रक्तदाब मोजणारा पट्टा, उशाशी छोटं यंत्र.)

झोप लागून तासभरही होत नाही, तोच मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी ग्रंथी कामाला लागते. पिट्युटरी, आपल्या पुस्तकांतली पीयूषिका. ती रक्तात वृद्धी संप्रेरक सोडते. ग्रोथ हार्मोन. दिवसाही ते अधूनमधून सुटत असतंच, पण पुरुषांमध्ये सर्वांत मोठी लाट ही, पहिल्या गाढ झोपेतली. नावामुळे वाटतं, हे वाढत्या वयातल्या पोरांचं काम. पण उंची वाढायची थांबली तरी हे संप्रेरक थांबत नाही, आणि ते रक्तदाबातही हात घालतं.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. रुंद जबडा, जाड बोटं.)

१८८६ साली फ्रेंच डॉक्टर पिएर मारी यांनी एका आजाराला नाव दिलं: अ‍ॅक्रोमेगाली. हातपाय रुंदावतात, जबडा पुढे येतो, अंगठी बोटात जाईनाशी होते. पीयूषिकेत गाठ होते आणि संप्रेरक बेसुमार सुटतं, हे पुढे कळलं. या रुग्णांपैकी साधारण तिघांत एकाचा रक्तदाब वाढलेला असतो. कारण तसं सरळ आहे. हे संप्रेरक मूत्रपिंडाला सोडियम धरून ठेवायला लावतं. सोडियम थांबलं की पाणीही थांबतं, आणि रक्तवाहिन्यांत द्रव वाढतो.

म्हणजे संप्रेरक जास्त तर दाब जास्त, कमी तर हृदय सुखात? तसं असतं तर बरं झालं असतं. १९९० मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी पीयूषिका निकामी झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. त्यांना बाकीची संप्रेरकं औषधातून मिळत होती, वृद्धी संप्रेरक तेवढं मिळत नव्हतं. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी झालेले त्यांचे मृत्यू अपेक्षेपेक्षा जास्त निघाले.

इथे दुसरं पात्र येतं. वृद्धी संप्रेरकाच्या सांगण्यावरून यकृत आयजीएफ-१ नावाचं द्रव्य बनवतं. ते रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटायला मदत करतं, आणि वाहिनी सैलावते. एकीकडे हौदात पाणी भरायचं, दुसरीकडे नळ रुंद करायचा! कुठली ओढ जिंकेल, ते मूत्रपिंडावर, वजनावर, मिठावर, वयावर ठरतं.

(दृश्य: रक्ताच्या नमुन्यांच्या नळ्या, एकीवर एक चिकटणारी लेबलं.)

आता वर्णाच्या लेबलांकडे वळू. १९९५ मध्ये अमेरिकेत निरोगी कृष्णवर्णीय आणि गोऱ्या पुरुषांचं वृद्धी संप्रेरक मोजलं गेलं. कृष्णवर्णीय पुरुषांत ते जास्त भरलं. संशोधकांना प्रश्न पडला होता हाडांचा: कृष्णवर्णीय पुरुषांची हाडं सरासरीने अधिक घन का? पण अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांत उच्च रक्तदाबही जास्त आढळतो. दोन टोकं समोर दिसली की गाठ मारायचा मोह होतोच.

गाठ मारण्याआधी नकाशा पाहावा. १९९७ मध्ये पश्चिम आफ्रिकी मूळ असलेल्या सात लोकसमूहांची पाहणी प्रसिद्ध झाली. स्त्री-पुरुष मिळून उच्च रक्तदाबाचं प्रमाण पश्चिम आफ्रिकेत १६ टक्के, कॅरिबियन बेटांवर २६, अमेरिकेत ३३. पूर्वज त्याच किनाऱ्यावरचे, आणि आकडा दुप्पट! २००५ मध्ये तुलना आणखी रुंदावली, तेव्हा जर्मनीतल्या गोऱ्या लोकांत हे प्रमाण निम्म्याच्या वर निघालं, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांपेक्षाही जास्त. वर्णावरून दाब सांगणाऱ्यांनी जर्मनीचं काय करायचं?

(दृश्य: लंडनचा पश्चिम भाग. बसथांबा, पायी जाणारी माणसं.)

याचा अर्थ फरक नसतात असा मुळीच नाही. १९८८ पासून लंडनच्या साउथॉल आणि ब्रेंट भागांत युरोपीय, दक्षिण आशियाई आणि आफ्रो-कॅरिबियन मुळाच्या लोकांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला. ब्रिटनमधलं एकूण चित्र चक्रावणारं आहे. आफ्रो-कॅरिबियन पुरुषांत रक्तदाब जास्त, पक्षाघात जास्त, तरी हृदयविकार कमी. दक्षिण आशियाई पुरुषांत हृदयविकार मात्र ठळकपणे जास्त. ब्रिटिश डॉक्टरांच्या मार्गदर्शिकेत तर पहिली गोळी निवडतानाच कौटुंबिक मूळ विचारात घेतलं जातं, कारण रक्तदाब वाढवणाऱ्या साखळीची सुरुवात करणारं रेनिन हे द्रव्य आफ्रिकी मुळाच्या लोकांत सरासरीने कमी असतं आणि त्या साखळीवर काम करणारी काही औषधं एकटी दिली तर कमी लागू पडतात. कामचलाऊ नियम म्हणून ठीक आहे. पण तेवढ्याने समोर बसलेल्या माणसाचं रेनिन तपासलं जात नाही.

(दृश्य: झोपेच्या प्रयोगशाळेतला आलेख. मोठ्या, संथ लाटा.)

मला स्वतःला जास्त बोलका वाटतो तो हा आलेख. २००० साली १६ ते ८३ वयाच्या १४९ निरोगी पुरुषांच्या झोपेच्या नोंदी एकत्र मांडल्या गेल्या. पंचविशीपर्यंत झोपेचा सुमारे १९ टक्के भाग गाढ असतो. छत्तीस ते पन्नास या वयात तो साडेतीनच्या आसपास येतो. वृद्धी संप्रेरकही त्याच उतारावरून घसरतं.

पुढे २०११ मध्ये, ६५ ओलांडलेल्या आणि रक्तदाब नसलेल्या ७८४ पुरुषांवर काही वर्षं लक्ष ठेवलं गेलं. ज्यांची गाढ झोप सर्वांत कमी, त्यांच्यात नव्याने उच्च रक्तदाब जडण्याची शक्यता जवळपास ८० टक्क्यांनी अधिक. दोष संप्रेरकाचा, हे यातून सिद्ध होत नाही. झोप मोडली की मज्जासंस्थाही ताणलेली राहते. अमेरिकेतल्या अभ्यासांत कृष्णवर्णीयांची गाढ झोप गोऱ्यांपेक्षा सरासरीने कमी भरते. पण रात्रपाळी, रस्त्याचा गोंगाट, घोरताना अडकणारा श्वास, हे झोप मोडताना कातडीचा रंग बघत नाहीत. ते कुणाच्या वाट्याला जास्त येतात, हा वेगळा हिशेब.

(दृश्य: पुन्हा तीच खोली. घड्याळात तीन.)

रात्री रक्तदाब १० ते २० टक्के खाली यावा, अशी अपेक्षा असते. तो येतोय का, हे बघायलाच हा पट्टा बांधलाय. यंत्र घरघरतं, पट्टा दंड आवळतो. माणूस कूस बदलतो, डोळे किलकिले करतो.

आकडा नोंदला गेला. झोप तेवढी मोडली.