दारावरचं पान

कोथरूडमधल्या भाड्याच्या खोलीचं दार. त्यावर वहीचं पान चिकटवलंय: 'भेटायला येऊ नये. फोन करावा.' अक्षर आईचं. मुलगा नववीत, रक्ताचा कर्करोग, केमोचा दहावा दिवस. गावाकडची माणसं या पानावर रुसली आहेत. आजाऱ्याला बघायला जायचं नाही, हे आपल्याकडे पटकन पचनी पडत नाही. पण ते पान म्हणजे औषधच आहे.

केमो कर्करोगाच्या पेशींबरोबर जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही मारते. त्यातल्या न्यूट्रोफिल पेशी मोठ्या माणसात एरवी रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये दीड हजारांच्या वर असतात. ५०० च्या खाली गेल्या की धोका मोठा. या मुलाच्या आज ९० आहेत. 'काउंट पडलेत' म्हणतात ते हेच.

जखम चिघळली की पू होतो. पू म्हणजे बहुतांशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी. पेशीच नसतील तर पू नाही, सूजही बेताचीच. आत जंतू रक्तात पसरतात आणि बाहेर दिसतो तो फक्त ताप. कधी नुसतीच हुडहुडी.

म्हणून उशाशी थर्मामीटर. काटा १००.४ फॅरनहाइटला पोचला, की रात्रीचे दोन वाजलेले असोत, रुग्णालय गाठायचं. तापाची गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही. ताप उतरतो, जंतू तिथेच राहतात. तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं, म्हणून दारातच सांगायचं: 'केमो चालू आहे, काउंट पडलेत.'

घरात सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे. जेवण ताजं, पुरतं शिजलेलं. पाणीपुरी आणि गाडीवरची कापलेली फळं बंद. तुळशीची कुंडी शेजाऱ्यांकडे गेली, कारण मातीत बुरशी असते. पुण्यात जागोजागी खोदकाम. त्या धुळीतून अ‍ॅस्परजिलस बुरशी थेट फुफ्फुसात जाते. बाहेर पडताना एन-९५ मास्क हवाच.

एवढं करूनही ताप येतो. केमोने तोंडाचं, आतड्याचं अस्तर सोलवटतं आणि स्वतःच्याच आतड्यातले जंतू रक्तात शिरतात. 'माझंच काहीतरी चुकलं' म्हणत वॉर्डाबाहेर रडणाऱ्या आयांना हे कुणीतरी जवळ बसून सांगायला हवं.

रात्रीचे नऊ. ९८.८. आई वहीत आकडा लिहिते. दाराशी पिशवी भरून ठेवली आहे: फाइल, शाल, चार्जर, आणि रिक्षावाल्या शेजाऱ्याचा नंबर लिहिलेली चिठ्ठी.