२६ डिसेंबरची सकाळ

(नागपुरातल्या एका व्याख्यानमालेत २८ डिसेंबरला झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, एवढ्या थंडीत तुम्ही आलात, बरं वाटलं. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘नाताळ: धर्माचा आणि बाजाराचा’. त्याकडे येतेच. पण परवाची एक गोष्ट आधी सांगते. ती मनातून जातच नाहीये.

परवा, म्हणजे २६ तारखेला सकाळी, नातीला घेऊन मी शहरातल्या एका मोठ्या मॉलमध्ये गेले. नात सहा वर्षांची. तिला तिथलं नाताळचं झाड बघायचं होतं. आधी नेणं जमलंच नव्हतं. चोवीसच्या रात्री सदरच्या चर्चमध्ये उपासना, पंचविसाला सकाळी पुन्हा उपासना आणि मग दिवसभर घरात माणसं. म्हटलं, सव्वीसला निवांत जाऊ. पोचलो तर झाडाला शिडी लावलेली. दोन पोरं दिव्यांच्या माळा उतरवत होती. खाली गोठ्याचा देखावा होता, त्यातले मेंढपाळ आधीच खोक्यात गेले होते. आणि एक जण बाळ येशूची मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळत होता.

नात मोठ्यांदा म्हणाली, “आजी, बाळ तर कालच झालं ना?”

मी त्या मुलाला विचारलं, “इतक्या लवकर काऊन काढता रे?” तो म्हणाला, “काल झाला नं क्रिसमस, आई. आता न्यू इयरचं लावून राहिलो.” त्याच्यावर माझा राग नाही. रोजंदारीचा पोरगा, सांगितलं तेवढं करत होता. उलट नातीचा चेहरा पाहून त्यानं ती मूर्ती मिनिटभर तिच्या हातात दिली. “धर, पण पाडू नको,” म्हणाला. मग परत घेतली, गुंडाळली, खोक्यात ठेवली आणि वरून चिकटपट्टी लावली. बाळंत्यात गुंडाळलेल्या बाळाची ही गोष्ट आहे. त्याला कालच्या पेपरात गुंडाळलेलं पाहून माझा गळा दाटून आला.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे गणपती बसतो. समजा, चतुर्थीच्या आधी महिनाभर चौकाचौकात आरत्या वाजल्या, मोदकांचे सेल लागले, आणि चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी उजाडताच मंडपवाला बांबू सोडायला आला. चालेल तुम्हाला? (सभागृहातून: “दीड दिवसाचा तरी असू द्या!”) बरोबर बोललात. आमच्या बाळाला तो दीड दिवससुद्धा मिळत नाही.

आमच्या लहानपणी हे बरोबर उलट होतं. वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर. गल्लीत ख्रिस्ती घर आमचं एकच. नाताळाआधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. तो वाट पाहण्याचा काळ, वेदीवर जांभळं वस्त्र असायचं. घरात करंज्या, शंकरपाळे, चिवडा, अनारसे तयार होत, पण डब्याला हात लावायची सोय नव्हती. केकचं सामान आई मळून द्यायची आणि आम्ही भावंडं ते पातेलं बेकरीच्या भट्टीवर नेऊन, भाजून होईपर्यंत तिथंच थांबायचो. तो वास घेत घरी यायचं आणि तरी खायचं नाही, पंचविसापर्यंत. मग मात्र डबे उघडत ते आठवडाभर बंद होत नसत. दिवाळीत शेजारच्या काकूंकडून फराळाचं ताट आलेलं असायचं. ताट रिकामं परत करायचं नसतं. आई ते दोन महिने जपून ठेवायची आणि सव्वीस-सत्तावीसला भरून पाठवायची. सोबत संत्री. वडील संत्रा मार्केटमधून टोपलीच आणायचे.

संत्र्यावरून आठवलं. परदेशात नाताळच्या मोज्यात मुलांसाठी संत्रं ठेवायची जुनी रीत आहे. चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावी निकोलस नावाचे बिशप होते. तीन गरीब बहिणींच्या लग्नासाठी त्यांनी रात्री गुपचूप सोनं टाकलं अशी कथा सांगतात, आणि त्या सोन्याची आठवण म्हणून गोल संत्रं. हेच निकोलस पुढे सांताक्लॉज झाले. त्यांचा लाल अंगरखा एका शीतपेयाच्या कंपनीनं शिवला असं पुष्कळजण सांगतात, ते खरं नाही. त्या कंपनीच्या जाहिरातीतला सांता १९३१ चा. अमेरिकेत टॉमस नास्ट त्याची चित्रं १८६३ पासून काढत होता, त्यांत लाल अंगरख्याचीही आहेत. सांताशी माझं भांडण नाही. ज्याचं मोठेपण नाव न सांगता देण्यात होतं, त्याला दुकानाच्या दारात घंटा वाजवत उभं केलं, याचं वाईट वाटतं.

आणखी एक सांगायला हवं, कारण आपण नागपुरात बसलोय. ज्यांच्या नावानं आपलं हिस्लॉप कॉलेज आहे, ते स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये इथं आले. पाळक, शाळा काढणारे, विदर्भातले दगड आणि जीवाश्म अभ्यासणारे. १८६३ मध्ये टाकळघाटहून परतताना नदीच्या पुरात गेले. ते स्कॉटलंडच्या ज्या परंपरेतून आले, ती नाताळ सण म्हणून पाळतच नव्हती! बायबलात जन्माची तारीख नाही, मग सण कसला, असं त्यांचं म्हणणं. स्कॉटलंडमध्ये २५ डिसेंबरची सार्वजनिक सुट्टी सुरू झाली ती १९५८ मध्ये. इंग्लंडच्या पार्लमेंटनंही १६४७ मध्ये नाताळ बंद केला होता. म्हणजे खुद्द श्रद्धावंतांनी एकेकाळी...

संयोजकांची चिठ्ठी आली आहे. सहा मिनिटं उरलीत. बरं, मग मुद्द्याचं सांगते.

बाजार आला आणि धर्म बुडाला, इतकं हे सोपं नाही. श्रद्धावंतांनी जो सण घराबाहेर काढला होता, तो एकोणिसाव्या शतकात घरात परत आला, त्यात छापखान्यांचा आणि दुकानांचा वाटा आहेच. पहिलं नाताळ कार्ड १८४३ मध्ये लंडनला हेन्री कोल यांनी छापून घेतलं, हजारभर प्रती, किंमत एक शिलिंग. सीताबर्डीच्या बाजारात लाल टोप्या विकणाऱ्या पोरांची डिसेंबरात चूल पेटते, मला त्यांना हटकायचं नाही. नवे कपडे आम्हीही घ्यायचो.

माझी तक्रार दिवसांबद्दल आहे. बाजाराचा नाताळ पंचविसाच्या संध्याकाळी संपतो, कारण त्यानंतर कोणी काही विकत घेत नाही. चर्चचा नाताळ पंचविसाला सुरू होतो आणि ६ जानेवारीपर्यंत चालतो. आता त्या दिवसांत काय आहे ते बघा. २६ ला स्तेफन, ख्रिस्तासाठी दगडांनी ठेचला गेलेला पहिला माणूस. आज २८. आज बेथलेहेमच्या त्या तान्ह्या मुलांची आठवण करायची, जी हेरोद राजानं मारून टाकली. ६ ला बाळाला भेटायला परक्या मुलखातून आलेले मागी, म्हणजे ज्ञानी पुरुष. आणि हे बाळ? आईबापांसोबत रातोरात मिसर देशात पळालेलं, निर्वासित. उतारशाळेत जागा नव्हती तिथून सुरू झालेली गोष्ट ही अशी पुढे जाते.

यातलं काय विकणार? दगडमार, मेलेली लेकरं, देश सोडून पळणारं कुटुंब. बाजार हे टाळतो, त्यात कटकारस्थान नाही, त्याला ते मांडताच येत नाही. पण हे दिवस गळून पडले की उरतं ते गोड बाळ आणि दिवे. मग गोठ्यात सांता ठेवला काय आणि बाळ ठेवलं काय, कुणाला फरक कळत नाही. माझ्या धर्माचा अर्थ त्या काढून टाकलेल्या बारा दिवसांत आहे, आणि ते दिवस आम्ही ख्रिस्ती लोकांनीच आधी सोडले. आमच्या किती घरांतला तारा आज उतरलाय, मला ठाऊक आहे. दुसरी चिठ्ठी आली. थांबते.

आमच्या घरचा गोठा ६ तारखेपर्यंत मांडलेला असतो. मागींच्या तीन मूर्ती आम्ही पंचविसाला खिडकीत ठेवतो आणि नात रोज त्यांना थोडं पुढे सरकवते. आज सकाळी ते टीव्हीपाशी पोचले होते. या कुणीही, करंज्या आहेत अजून.