ट्रकचा तुटका पाटा आणि सुब्रा सुरेश

नमस्कार मंडळी! रत्नागिरीत भाट्याच्या किनाऱ्यावर उभा आहे, ओहोटी लागलीय. आणि हातात आहे ट्रकचा तुटका पाटा, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगची पोलादी पट्टी. गॅरेजवाल्या काकांकडून मागून आणला, नाहीतर भंगारातच जात होता.

जरा जवळून बघा. तुटलेल्या तोंडाचा हा भाग गुळगुळीत, काळपट, त्यावर बारीक कमानी, एकापुढे एक. बाकीचा भाग मात्र खरबरीत, खडीसाखरेसारखा चमकणारा. आता कॅमेरा खाली नेतो. पाणी मागे हटताना वाळूवर रेघा सोडून गेलंय, दिसतायत? तशाच आहेत की नाही? गंमत म्हणजे इंजिनिअर लोक पाट्यावरच्या या खुणांना 'बीच मार्क्स'च म्हणतात! म्हणजे हा पाटा एका खड्ड्यात मोडलेला नाही. भेग आत कधीपासून सरकत होती, शेवटचा खड्डा उगाच बदनाम झाला. भार पुन्हा पुन्हा येऊन-जाऊन धातू असा थकतो, त्याला म्हणतात फटीग. आणि आजचा आपला माणूस त्यातला दादा आहे: सुब्रा सुरेश.

जन्म मुंबईचा, १९५६ चा. १९७७ ला आयआयटी मद्रासमधून बी.टेक., मग अमेरिका, आणि १९८१ मध्ये एमआयटीची डॉक्टरेट. तिथे त्यांनी सहकाऱ्यांबरोबर एक गोष्ट दाखवली, ती आपल्या कोकणी माणसाला चटकन पटायची नाही. भेग अगदी मंद गतीनं वाढत असेल, तर कोरड्या हायड्रोजनपेक्षा दमट हवेत ती आणखी हळू सरकते. का? आत गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे तो भेगेत पाचरीसारखा बसतो. भार येतो-जातो, पण भेगेची उघडझाप कमी होते, म्हणून वाढही कमी.

आता लगेच कमेंटमध्ये 'गंज चांगला' असं लिहू नका हं! खारी हवा पत्र्यांचं काय करते ते घराघरात माहीत आहे. ही गोष्ट फक्त जेमतेम पुढे सरकणाऱ्या भेगेची.

पुढे ब्राऊन विद्यापीठ, मग १९९३ ला पुन्हा एमआयटी. आणि तिथे हा धातूवाला माणूस चक्क रक्ताकडे वळला. तांबडी पेशी साधारण ८ मायक्रॉन रुंद असते, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तिला स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतून अंग चोरून जावं लागतं. मलेरियाचा जंतू आत शिरला की पेशी ताठर होते आणि अडकते. सुरेश यांच्या गटानं लेझरच्या चिमट्यात एकेक पेशी धरून ताणली आणि तो ताठरपणा मोजला. मला विचाराल तर त्यांचं सगळ्यात देखणं काम हेच. प्रश्न पाट्याला विचारला तोच: किती ताणलं की काय होतं?

हुद्दे भराभर सांगतो. २००७ ला एमआयटीत अभियांत्रिकीचे डीन. २०१० ते २०१३ संशोधनाला सरकारी पैसा देणाऱ्या अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचे संचालक. २०१३ ते २०१७ कार्नेगी मेलनचे आणि २०१८ ते २०२२ सिंगापूरच्या नानयांग विद्यापीठाचे अध्यक्ष, म्हणजे आपल्याकडचे कुलगुरूच समजा. मधे २०११ ला पद्मश्री.

यात थांबण्यासारखी एकच गोष्ट, २०११ ला फाउंडेशननं सुरू केलेला 'आय-कॉर्प्स' हा कार्यक्रम. संशोधकांना सांगितलं, आधी लॅबबाहेर पडा, तुमची वस्तू जे वापरतील अशा शंभरेक लोकांना भेटा, मग बोला. म्हणजे लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठातल्या एखाद्या मुलीनं मासे सुकवायचं यंत्र केलं, तर तिनं आधी मिरकरवाड्यात जाऊन सुकटीवाल्या शंभर बायकांची बोलणी खायची! फार कमी प्राध्यापकांना हे आवडलं असतं.

हा पाटा देताना काकांनी नुसतं तोंड बघून सांगितलं होतं, "काळा पडलाय तेवढा आधीच गेलेला होता रे."

तुमच्याकडे मोडका शाफ्ट, पाटा, सायकलचं पेडल असलं तर तोंड पुसून तिरप्या उजेडात धरा. रेघा दिसल्या तर फोटो टाका.