नानांचा गज

मंडळी, नानांना तुम्ही सगळेच ओळखत होतात. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधले, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलातले फौजी, 1971 च्या युद्धात पश्चिम सीमेवर, पुढे पाटबंधारे खात्यात जायकवाडीच्या कालव्यांवर अभियंता आणि शेवटची वर्षं आपल्या लातुरात, बागेत. शोकसभेत जो तो म्हणाला, फौज झाली, नोकरी झाली, म्हातारपणी बागेचा छंद लागला. मला हे अजिबात मान्य नाही. फौजेत आणि कालव्यावर जे केलं, तेच नाना बागेत करत होते.

त्यांचा तो गज आठवतो? बोटभर जाडीचा, टोक घासून निमुळतं केलेला. सुरुंग शोधणारा सॅपर गज सरळ खाली खुपसत नाही, साधारण 30 अंशांत तिरका, हलक्या हाताने सरकवतो. सुरुंगाच्या डोक्यावर दाब पडायला नको म्हणून. नाना केसर आंब्याच्या आळ्यात तसाच गज सरकवायचे. ओल आहे तिथवर तो सहज जातो, कोरडी माती लागली की अडतो. अडला की जमिनीलगत अंगठा धरून बाहेर काढायचा, वितीने मोजायचा आणि मगच पाण्याला हात लावायचा. शेजारच्या वहिनी एकदा म्हणाल्या, "काय नाना, धन शोधताय का?" "ओल शोधतोय वहिनी. लातुरात तेच धन!" हसताय, पण ऐन मे महिन्यात त्यांच्या झाडांची पानं हिरवीगार असायची, हे तुम्हीच पाहिलंय.

मातीचंही तेच. आपली काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते आणि तिच्यावर थेट केलेलं कालव्याचं अस्तर फुटतं. म्हणून अस्तराखाली मुरमाचा थर देतात. हे कालव्यावर केलेलं काम नाना अंगणात विसरले नाहीत. बागेतल्या हौदाखाली त्यांनी आधी काळी माती काढून मुरूम दाबून भरला. तो हौद अजून गळत नाही.

आणि आपण काय केलं? अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले, कडुनिंब तोडला, पावसाचं पाणी गटारात सोडलं आणि बोअर आणखी खोल नेलं. नानांना याचा फार त्रास व्हायचा, आणि मलाही होतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. मूळ विषय छतावरच्या पाण्याचा होता, तो आता भराभर सांगतो.

एप्रिल 2016 मध्ये दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला 10 टाक्या, 5 लाख लिटर. नानांनी वहीत हिशेब मांडला होता: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. गच्ची 100 चौरस मीटर, पाऊस 700 मिलिमीटर धरा, 70,000 लिटर. पाचवा हिस्सा वाया गेला तरी 56,000 उरतात. म्हणजे अशा नऊ गच्च्यांवर एका पावसाळ्यात ती अख्खी गाडी उतरते!

पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्या, गच्ची धुऊन निघू द्या. पुढचं पाणी गोटे, खडी आणि वाळूच्या गाळणीतून बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात घ्या. गाळणी दर उन्हाळ्यात उपसून धुवा, नाहीतर गाळाने तुंबते. खड्ड्याची मापं नानांच्या वहीत आहेत. वही आणि टेप दोन्ही मी आणलंय. ज्यांना आपल्या गच्चीचा हिशेब काढायचा असेल, त्यांनी चहा घेऊन इथेच थांबा.