उत्तरेच्या भिंतीवरची माणसं

चर्चच्या उत्तरेकडच्या या वरच्या खिडक्यांतली काचचित्रं पाहा. इथं बसवलेत ते धर्मासाठी माणसांचा छळ करणारे, डोक्यावर सैतानं. समोर, दक्षिणेला, तो छळ सोसलेले हुतात्मे. इंग्लंडात उत्तरेच्या खिडक्यांना ऊन जवळपास मिळतच नाही. जागावाटपातच निकाल लागलाय.

हे इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यातलं फेअरफर्ड. गाव एवढंसं, पण सेंट मेरी चर्चच्या 28 खिडक्यांतली पाचशे वर्षांपूर्वीची काचचित्रं बहुतांशी शाबूत आहेत. इंग्लंडातल्या दुसऱ्या कुठल्याच गावच्या चर्चमध्ये असा अख्खा संच उरलेला नाही.

पैसा मेंढ्यांचा. जॉन टेम हा लोकरीचा व्यापारी. त्यानं मधला मनोरा ठेवला आणि बाकीचं चर्च नव्यानं बांधायला घेतलं. 1500 साली तो वारला. उरलेलं काम मुलानं, एडमंडनं, तडीस नेलं. बांधणी पर्पेंडिक्युलर शैलीची: खिडक्यांच्या दगडी दांड्या सरळसोट वर जातात, भिंत खिडक्यांना धरून ठेवण्यापुरतीच उरते.

आता एक तुकडा जवळून. ही तांबडी काच आरपार तांबडी नाही. साध्या काचेवर तांबड्याचा पातळ पापुद्रा आहे. जाडीभर रंग असता, तर ती काळीच दिसली असती. आणि हे पिवळे केस? ती चांदीची करामत. चांदीचं संयुग काचेला मागून लावायचं, भट्टीत भाजायचं. काच सोनेरी होते. म्हणून गोरा चेहरा आणि पिवळे केस एकाच तुकड्यावर, मध्ये तुकडे जोडणारी शिशाची पट्टी नाही.

पश्चिमेची मोठी खिडकी म्हणजे अंतिम न्याय, जगाच्या शेवटी कोण स्वर्गात आणि कोण नरकात जाणार याचा निवाडा. 1703च्या वादळात तिचा वरचा भाग फुटला. आज दिसतो तो स्वर्ग एकोणिसाव्या शतकातला. नरक मात्र अस्सल. पोटावर दुसरं तोंड असलेला सैतान, आणि एका म्हातारीला ढकलगाडीत घालून नेणारं भूत. कारागिराचा हात इथंच खरा खुललाय, असं मला तरी वाटतं.

हा नरक पाहायचा तर उन्हं कलायची वाट बघा. तोवर बाहेरच्या दफनभूमीत एक चक्कर मारा. तिथं चर्चच्या मांजराची समाधी आहे, वर दगडी मांजर बसलेलं. टिडल्स, 1963 ते 1980.