काटा यायला थंडी लागते

श्रोतेहो, नमस्कार.

मार्गशीर्ष संपत आलाय. पहाटे नळाच्या पाण्यानं बोटं आखडतात आणि दिवेलागणीनंतर बाहेर पडायला घरात कुणी राजी नसतं. तेव्हा आज बोलायचंय ते घरातल्या थंडीबद्दल. या दिवसांत घरात बसून हातानं काय काय करता येतं, त्याबद्दल. हातानं, हे लक्षात असू द्या. तुमचे कान माझ्याकडे आहेत, हात मोकळे आहेत. रेडिओ ऐकता ऐकता मटार सोलून होतात, मेथी निवडून होते, स्वेटरची बाही पुरी होते. डोळे अडकवून ठेवणाऱ्या करमणुकीत हे होत नाही. शिवाय रेडिओ लागला की माणसं एका खोलीत येऊन बसतात, आणि थंडीत माणसांनी एका खोलीत बसावं असं मला मनापासून वाटतं.

आधी दिवाळी अंक. तुमच्याकडे ते टीपॉयखाली असतील, अर्धेमुर्धे वाचलेले. ते काढा. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि तिथून ही परंपरा रुजली. हे मित्र बरं का, आपले मराठीच. मूळचे आजगावकर. बंगाली साहित्याच्या ओढीनं त्यांनी आडनाव बदलून मित्र केलं. तर दिवाळीत फराळ, पाहुणे, भाऊबीज, यात अंक वाचणार कधी? दिवाळी अंक वाचायचे ते पौषात, आणि मोठ्यानं वाचायचे. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी पांघरुणात बसून ऐकायचं. नव्या अंकांइतकेच रद्दीच्या दुकानातले जुने अंकही आणा. त्यातल्या जाहिराती वाचा. केसांच्या तेलाच्या आणि शिलाई मशीनच्या जाहिरातींतून त्या काळचं घर जसं दिसतं, तसं ते इतिहासाच्या पुस्तकातही दिसत नाही.

गोधडीबद्दल एवढंच सांगते: सुती लुगडी घ्या, जुनी घ्या. सिंथेटिक साड्यांची गोधडी करू नका. थर एकमेकांवरून सरकतात, धावदोरा धरत नाही आणि अंगावर घेतली की ऊब येण्याऐवजी घाम येतो. सुती घ्या, जुनी घ्या. 

आणि आता ज्यासाठी मी आज आले, ती गोष्ट. काटेरी हलवा. संक्रांतीला तिळगुळाबरोबर हातावर ठेवतो तो पांढराशुभ्र हलवा. बाजारात किलोवारी मिळतो. तो घरी करतात, करता येतो, हे तरुण मंडळींना सांगितलं की त्यांचे डोळे मोठे होतात.

माझी आत्या वाईला असे. कृष्णेकाठी जुना वाडा, दगडी जोतं, वर कौलं. त्या वर्षी तिच्या थोरल्या मुलाचं लग्न झालेलं, सुनेची पहिली संक्रांत. म्हणजे काळी चंद्रकळा आणि हलव्याचे दागिने आलेच. मुकुट, तन्मणी, हार, बाजूबंद, वाकी, नथ, मंगळसूत्र, सगळं साखरेचं. आत्यानं जाहीर केलं की हलवा घरचाच होईल. मी कॉलेजात होते, सुट्टी काढून मदतीला गेले.

सिगडीत कोळसे फुलवून त्यावर राख पसरायची, म्हणजे आच अगदी मंद होते. वर कल्हईची परात. परातीत थोडेसे पांढरे तीळ. शेजारी पातेल्यात साखरेचा पाक. आत्या चमचाभर पाक तिळांवर सोडायची आणि लगेच बोटांच्या टोकांनी तीळ फिरवायला लागायची. गोल, हलक्या हातानं, न थांबता. तीळ कोरडे झाले की पुन्हा चमचाभर. तासन् तास हेच. पहिल्या दिवशी तीळ नुसते पांढरे झाले. दुसऱ्या दिवशी जरा फुगले. आत्या म्हणाली, आता उद्या काटा धरेल.

आणि आभाळ आलं.

ऐन पौषात ढग. थंडी पळाली, हवा कोंदट झाली. परातीतले दाणे चिकट व्हायला लागले, एकमेकांना धरायला लागले. आत्यानं एक दाणा उचलून उजेडात पाहिला, परात खाली उतरवली, वर मलमलचं फडकं बांधलं आणि सिगडी विझवली. घरात कुजबुज सुरू झाली. काका म्हणाले, पुण्याला निरोप धाडू, तयार दागिने येतील. आत्यानं मान हलवली. “थंडीशिवाय काटा येत नाही, आणि थंडी यायची राहत नाही,” एवढंच बोलली. दोन्ही वेळा ती अंगणात जाऊन वर बघून यायची.

संक्रांत अगदी तोंडावर आली तशी एका रात्री आभाळ फाकलं. मी गाढ झोपेत होते. आत्यानं पांघरूण ओढलं. “ऊठ, आज काटा येईल!” बाहेर आले तर थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ. डोक्यावर मृग नक्षत्र स्वच्छ, त्याच्या पुढे कृत्तिकांचा झुबका. आत्यानं सगळ्यांना उठवलं होतं. आयुष्यात कधी स्वयंपाकघरात न शिरलेले काका कानटोपी घालून चमच्यानं पाक सोडत होते आणि आत्या त्यांना सांगत होती, “कमी सोडा, अजून कमी.” परात आलटून पालटून सगळ्यांच्या हाताखाली गेली. ज्याची बोटं भाजली त्यानं उठायचं, दुसऱ्यानं बसायचं. तांबडं फुटायच्या सुमाराला आत्याच्या चुलत सासूबाईंनी परातीत हात घातला आणि म्हणाल्या, “टोचतंय गं!” दाण्यादाण्यावर काटा उभा होता. 

पण दागिने व्हायचे होते, आणि वेळ उरला नव्हता. हलव्याला सुई चालत नाही, दाणा फुटतो. तो दोऱ्यात गाठवावा लागतो, दुहेरी दोऱ्याच्या फाशात एकेक दाणा पकडून. आमची बोटं रात्रभराच्या आचेनं हुळहुळी झालेली, दाणे निसटत होते. नवी वहिनी दारात उभी राहून बघत होती. ती कोकणातली, देवगडच्या बाजूची. तिनं विचारलं, “मी बघू का?” चुलत सासूबाई म्हणाल्या, नवरीनं आपले दागिने आपण करायचे नसतात. आत्यानं तिच्यासाठी पाट सरकवला. “तिच्या अंगावर चढायचेत, तिच्या हातचे झाले तर बिघडलं काय?”

वहिनी बसली आणि दोरा असा चालायला लागला की आम्ही सगळे बघत राहिलो. माहेरी देवळात रोज अबोलीचे वळेसर करून दिलेले. फुलं दोऱ्यात गाठवायची सवय लहानपणापासूनची, आणि गाठ तीच! घाटावरचा हलवा आणि कोकणातली अबोली, दोन्हींची गाठ एक. आत्या तिच्याकडून ती भरभर मारायची पद्धत शिकली आणि पुढे गल्लीतल्या बायकांना शिकवताना “ही आमच्या सुनेची गाठ” म्हणून शिकवायची. संक्रांतीला वहिनी चंद्रकळा नेसून, पांढरा मुकुट घालून ओसरीवर बसली, तेव्हा अख्खी गल्ली बघायला आली होती.

वेळ थोडा राहिलाय, कृती पटकन सांगते. साखर बुडेल इतपत पाणी. उकळी आली की चमचाभर दूध, मळी वर येते ती काढा, पाक गाळून घ्या, लिंबाचे चार थेंब. पाक पातळ हवा, एकतारीच्या अलीकडचा. सिगडी नसेल तर गॅस अगदी बारीक आणि परातीखाली जाड तवा. तीळ चार चमच्यांहून जास्त घेऊ नका, दाणा फुगत जातो. परातीच्या बुडाला साखर धरली की दाणे काढून ओल्या फडक्यानं पुसून घ्या. काटा येतो तो असा: पाकातलं पाणी उडून जातं, साखरेचे कण दाण्यावर बसतात आणि कोरड्या गार हवेत ते लवकर सुटे होऊन टोकं धरतात. तिळाऐवजी खसखस, साबुदाणा, कलिंगडाच्या बियाही चालतात. पुन्हा सांगते, लिहून घ्या: आच मंद, पाक चमचाभर, हात थांबवायचा नाही. आच मंद, पाक चमचाभर, हात थांबवायचा नाही. रोज थोडं थोडं, काही दिवस.

हात चालू असताना बोलायला एक विषय देते. संक्रांत १४ जानेवारीची, असं आपण धरून चालतो. पण स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ सालच्या संक्रांतीचा, आणि ती तारीख होती १२ जानेवारी! आपली संक्रांत नक्षत्रांवर ठरते, कॅलेंडर ऋतूंवर चालतं, म्हणून ती सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. दिवस मोठा व्हायला लागतो तो तर डिसेंबरच्या २२ तारखेच्या आसपासच. मुलांना दिनदर्शिकेतल्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा काढून दाखवा. शाळेत भूगोल पाठ करून घेतात, त्यापेक्षा हे बरं.

घरात पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर बोरन्हाणासाठी त्याचेही दागिने करा. मुकुट आणि बासरी जाड पुठ्ठ्यावर करा, मुलं ओढतात. बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे आणि हलवा हे सगळं मुलाच्या डोक्यावरून ओतायचं असतं, म्हणून मुलांसाठी हलवा बारीक ठेवा, खसखशीचा. मोठा काटेरी दाणा टोचतो.

झालेला हलवा गार करून काचेच्या बरणीत भरा, झाकण घट्ट लावा. दमट हवा लागली की काटा बसतो. ज्यांना करायचाय त्यांनी तीळ या आठवड्यात आणून, निवडून, हलके भाजून ठेवा आणि आभाळ निरभ्र दिसेल त्या रात्री सुरुवात करा.

नमस्कार.