शेवटचे 5 मिलिग्रॅम

[दृश्य: नौपाड्यातलं औषधांचं दुकान. काउंटरवर गोळ्यांची पट्टी.]

डिप्रेशनची गोळी सुरू करताना डॉक्टर सांगतात, गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील, धीर धरा. ती बंद करायची वेळ आली की मात्र पुष्कळांच्या वाट्याला एवढंच येतं: "महिनाभर अर्धी घ्या, मग सोडून द्या."

अडचण त्या 'मग'पासून सुरू होते. मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर या संशोधकांनी 2019 मध्ये मेंदूच्या स्कॅनवरून एक हिशेब मांडला. सिटॅलोप्रॅम या डिप्रेशनवरच्या औषधाचा डोस 20 मिलिग्रॅम असताना, सेरोटोनिन हे मनःस्थितीशी जोडलेलं मेंदूतलं रसायन परत शोषून घेणाऱ्या जागांपैकी साधारण 80 टक्के जागा औषधाने अडवलेल्या असतात. डोस 5 वर आणला, म्हणजे तीन-चतुर्थांश औषध गेलं, तरी जवळपास 60 टक्के जागा अडलेल्याच राहतात. मेंदूसाठी खरा उतार आहे तो शेवटच्या 5 मिलिग्रॅममध्ये, आणि तोच आपण एका रात्रीत उतरायला सांगतो. म्हणून डोस जितका खाली येईल तितकं पुढचं पाऊल लहान हवं.

[दृश्य: ठाणे स्टेशन, सकाळची गर्दी, पुलाचा जिना.]

वर्तकनगरला राहणाऱ्या एक ताई. नाव सांगत नाही. सिटॅलोप्रॅमच्याच गटातली गोळी त्या काही वर्षं घेत होत्या, तब्येत छान होती. गोळी सोडली आणि तीन-चार दिवसांत पुलाचा जिना चढताना मान वळवली की डोक्यात बारीक शॉक बसल्यासारखं व्हायला लागलं. चक्कर, मळमळ. रात्री खरीखुरी वाटावीत अशी स्वप्नं. मुलावर उगाच ओरडणं. सासूबाई काळजीने म्हणाल्या, "अगं, परत सुरू झालं वाटतं तुझं." ताईंनाही तसंच वाटलं. घाबरून त्यांनी गोळी पुन्हा सुरू केली.

आजार परतला नव्हता. औषध सुटताना होणारा त्रास बहुधा काही दिवसांतच येतो आणि शॉक, चक्कर, मळमळ असल्या शारीरिक तक्रारी सोबत आणतो. डिप्रेशन सहसा आठवड्या-महिन्यांनी, हळूहळू परततं. पण रडू येणं, चिडचिड, झोप मोडणं दोन्हीकडे असतं. नुसत्या आठवणीवर हा निवाडा करता येत नाही. कोणत्या तारखेला डोस बदलला, त्रास कधी आला, कधी ओसरला, हे रोज लिहिलेलं हवं.

[दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर रोजची नोंद: डोस, झोप, चक्कर, मन.]

मोबाइलचा उपयोग इथे होतो. साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या टोनी केन्ड्रिक यांच्या पथकाने ब्रिटनमधल्या 131 दवाखान्यांतल्या, डिप्रेशनची गोळी सोडू पाहणाऱ्या रुग्णांवर एक चाचणी केली. निष्कर्ष 2024 मध्ये आले. सगळ्यांना डॉक्टरांनी बोलावून औषधाचा आढावा घेतला. निम्म्या दवाखान्यांतल्या रुग्णांना त्याखेरीज इंटरनेटवरचं मार्गदर्शन आणि फोनवरून आधार मिळाला. सहा महिन्यांनी त्यांच्यातले 45.5 टक्के लोक औषधातून बाहेर पडले होते. नुसत्या आढाव्याच्या गटात 41.9 टक्के. फरक छोटा, आणि तो फुगवून सांगायची गरज नाही. पण आधार मिळालेल्यांना औषध सोडतानाचा त्रास कमी झाला, मन जास्त बरं राहिलं. मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे, की डॉक्टरांनी स्वतःहून बोलावून विचारल्यावर दोन्ही गटांतल्या चाळीस टक्क्यांहून जास्त लोकांना हे जमलं.

गोळी प्रत्येकाने सोडावी, असं मुळीच नाही. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 478 लोकांच्या चाचणीत वर्षभरात गोळी बंद केलेल्यांपैकी 56 टक्के लोकांचा आजार उलटला. चालू ठेवणाऱ्यांपैकी 39 टक्के. काहींना ती दीर्घकाळ लागते, आणि त्यात कमीपणा नाही. मनाने गोळी बंद करू नका, मनाने कापूही नका. पोटात गेल्यावर औषध हळूहळू बाहेर सोडणाऱ्या काही गोळ्या असतात, त्या तोडल्या तर डोसच बिघडतो.

[दृश्य: ठाण्यातल्या एका दवाखान्याचा वेटिंग हॉल.]

ताई आता डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा डोस कमी करताहेत. रोज रात्री मोबाइलवर चार ओळी लिहितात. मागच्या पायरीला त्रास आला आणि दीड आठवड्यात ओसरला, हे नोंदीत दिसलं. डॉक्टरांनी पुढची पायरी आणखी लहान केली. सासूबाईही नोंद वाचतात. "चक्कर कालच्यापेक्षा कमी दिसतेय गं," असं आता त्याच सांगतात.

आपल्याकडे काहीच नाही, असं नाही. ठाण्यात 1901 पासूनचं मनोरुग्णालय आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेली टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन 14416 या नंबरवर चोवीस तास, मोफत आहे. मराठीतही बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले तर त्याच क्षणी घरच्यांना सांगा आणि हा नंबर फिरवा. पण डोस कमी केल्यानंतरच्या आठवड्यात ज्याचं मन खचलंय, तो बहुतेकदा फोन उचलून नंबर लावत नाही. दवाखान्यातल्या समुपदेशकाने त्याच आठवड्यात आपणहून फोन करून "झोप कशी आहे? चक्कर येते का?" एवढं विचारायला हवं. त्यासाठी नवं अ‍ॅप लागत नाही. डोस बदलल्याची तारीख आणि रुग्णाचा नंबर दवाखान्याकडे असतोच.